मिक टॉम ओवेन म्हणजे तिघं नव्हेत

पेगी सलिव्हन सोमवारी गेली, आणि तिच्या भाच्याने पेपरातल्या निधनवार्तेत तिला बिनबापाची करून टाकलं.

फोटो छान. निवृत्त नर्स, लाडकी आत्या, फुलं पाठवू नयेत, सगळं आहे.

वडिलांचं नाव नाही. आजोबांचं तर नाहीच.

फोन केला तर म्हणतो, "वी वॉन्टेड टू कीप इट सिंपल, आंटी."

सिंपल! आपला आजा कुणाचा मुलगा हे शोधण्यात या बाईचं अर्धं आयुष्य गेलं, आणि याला सिंपल हवंय.

म्हणून मी लिहितेय.

पेगी शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीतली माझी शेजारीण. ओळख भांडणातून झाली. बर्फ उपसून मोकळ्या केलेल्या पार्किंगच्या जागेत तिने जागा धरायला स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली होती. मी ती उचलून तिच्या दारात ठेवली आणि माझी गाडी लावली.

"तुला मॅनर्स शिकवले कुणी?" ती खिडकीतून ओरडली.

"आयरिश नन्सनी!"

त्या दिवसापासून मैत्री.

आणि नन्सचं ते खरंच होतं. पुण्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टर डिम्प्नाने माझे उच्चार पट्टीने सरळ केले. हजेरीत मात्र ती आमची मधली नावं गाळायची. "देवाला एक नाव पुरतं, चाइल्ड." आम्हा सगळ्यांच्या बापांना तिने शाळेच्या फाटकाबाहेर उभं केलं होतं.

माझं मधलं नाव पेगीलाही खुपायचं. क्लिनिकमध्ये 'सुमती वसंत' असा पुकारा झाला की हिचं सुरू.

"नवऱ्याला मधे कशाला ठेवतेस?"

"कडेला ठेवला तर पळेल."

पेगीचं दुखणं वेगळं होतं. तिचा आजा मायकल, घरचा मिक, तरुणपणी आयर्लंडहून आला. त्याच्या जन्माची नोंद नाही, आईबापांचा पत्ता नाही. गावच्या चर्चच्या रजिस्टरमधली त्या वर्षांची पानंच गायब, इतर कागद कुठल्याशा आगीत गेलेले.

तिच्या आईकडचे लोक तिला लहानपणी चिडवायचे, "तुझा आजा कुंपणाखाली सापडला." साठीला आली तरी हे सांगताना तिची मान लाल व्हायची.

एकच धागा होता. घरात आजोबांना 'मिक टॉम ओवेन' म्हणत. त्यावरून पेगीने कथा रचली होती: तीन भाऊ बोटीत बसले, मिक पोचला, टॉम आणि ओवेन वाटेत दगावले. दर नोव्हेंबरात ती चर्चमध्ये त्या दोघांच्या नावाने प्रार्थना करवून घ्यायची. एकदा मीही गेले. रडलेसुद्धा. कोण कुठला ओवेन!

मग शहाण्णवच्या सुमारास एका रविवारी पेगीकडे तिची आत्या जेवायला आली. कॅथलीन, नव्वदीची, मिकची सख्खी मुलगी. मी साबुदाण्याची खिचडी नेली होती. आत्याबाईंनी त्यातले फक्त बटाटे वेचून खाल्ले.

पेगीने भावांचा विषय काढला.

"कसले भाऊ?" आत्या म्हणाली. "डॅडला भाऊ नव्हताच. त्यांच्या गावात सगळेच सलिव्हन, म्हणून त्यांना मिक टॉम ओवेन म्हणायचे. का, ते मला विचारू नकोस."

माझा घास हातातच राहिला.

"पेगी, माझ्या भावाचं नाव काय?"

"श्रीकांत."

"पूर्ण सांग."

"श्रीकांत डाटा... डाटा समथिंग."

"दत्तात्रय. ती दोन माणसं आहेत का?"

"छे! ते तर त्याच्या बापाचं..."

तिने नॅपकिन डोळ्यांना लावला.

"ही रडतेय कशाला?" आत्याने विचारलं, आणि आणखी एक बटाटा घेतला.

दुसऱ्या दिवशी डेव्हनवरच्या दुकानातलं कॉलिंग कार्ड घेऊन मी पेगीकडे हजर. त्या गावच्या चर्चमध्ये तिने पूर्वी एकदा फोन केला होता, पण फादरच्या घरी काम करणाऱ्या बाईचं बोलणंच हिला कळेना. रक्त आयरिश, कान शिकागोचे! या खेपेला दुभाषी मी. सिस्टर डिम्प्नाची पट्टी कामाला आली.

"मायकल सलिव्हन?" ती बाई म्हणाली. "इथे दगड भिरकावला तर मायकल सलिव्हनलाच लागेल."

सदाशिव पेठेत जोशांचा पत्ता विचारावा, तसंच हे.

मी म्हटलं, "मिक टॉम ओवेन."

पलीकडून किंकाळी.

"ओवेनचे? वरच्या रस्त्याचे? अगं, मग आधी नाही का सांगायचं! टॉमचं घर अजून उभं आहे, छप्पर तेवढं गेलंय. त्याचा मिक अमेरिकेला गेला आणि मेल्याने पत्र म्हणून पाठवलं नाही, असं माझी आजी सांगायची. आता सुचला होय फोन करायला?"

मी पेगीला सांगितलं, "तुझ्या आजोबांना बाप होता. आजाही होता. त्यांना हाक मारताना सगळं गाव त्या दोघांचं नाव घ्यायचं."

ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"म्हणजे कुंपण नव्हतं."

"नव्हतं गं."

मग म्हणाली, "आणि माझ्या इतक्या वर्षांच्या प्रार्थना?"

"पोचल्या. पत्ता बरोबर होता, नातं तेवढं चुकलं."

माझा राग सिस्टर डिम्प्नावर. तिच्याच देशात ही रीत, आणि बाई आमच्या मधल्या नावांना नावं ठेवत होती!

त्यानंतर क्लिनिकमध्ये पेगी स्वतःचं नाव पूर्ण सांगायची. जिम तिचे वडील, तिथून सुरुवात. लिहिणारी मुलगी वैतागायची, मागची रांग खोळंबायची, आणि मी शेजारी ताठ बसून असायची.

तेव्हा भाचेबुवा, तुमचं सिंपल तुम्हाला लखलाभ. आमच्याकडे माणसाला निरोप पूर्ण नावाने देतात.

पेगी जिम मिक टॉम ओवेन सलिव्हन हिला,
सुमती वसंतचा अखेरचा रामराम.

वर चांगली जागा दिसली की खुर्ची ठेवून दे गं.

या वेळी उचलणार नाही.