फेकून द्यायचे दात

परवा इथे जयपुरात, दुर्गापुऱ्यातल्या एका समारंभात माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं, की डागाळलेल्या दातांवर, दात सरळ करायच्या तारेचे ब्रॅकेट टिकवण्याची पद्धत मी शोधली. टाळ्या पडल्या, मी हात जोडले. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. ती पद्धत माझी नाही, माझ्या विद्यार्थिनीची आहे.

ती रेल्वेतल्या मराठी माणसाची मुलगी, जयपुरातच वाढलेली. माझ्याशी हट्टाने मराठीत बोलायची, पण 'मतलब'शिवाय तिचं वाक्य सुरू होत नसे. चिकटद्रव्य दाताला किती घट्ट धरतं, हा तिच्या प्रबंधाचा विषय. उपचारासाठी काढलेले दात पाण्यात जपायचे, ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात बसवायचे, वर ब्रॅकेट चिकटवायचा. मग यंत्राचं पातं त्याला ढकलत नेतं; ज्या जोराला तो सुटतो तो आकडा लिहायचा. या कामाला दात निर्दोषच हवेत, असा आमचा शिरस्ता. इथल्या खेड्यांत पाण्यात फ्लोराइड, त्यामुळे आलेल्यांपैकी पुष्कळ दात तपकिरी डागांचे.

"फेक ते. कचरा कशाला सांभाळतेस?"

"मतलब सर, ओपीडीत लोक हेच दात घेऊन येतात. त्यांना पण फेकायचं?"

"जीभ फार चालते तुझी. हात चालव."

तिने हात चालवला. ते दात वेगळ्या बरणीत ठेवले आणि प्रबंध उरकल्यावर त्यांचीही चाचणी घेतली. ब्रॅकेट पटापट सुटले. मग चिकटवण्यापूर्वी दातावर लावायचं आम्ल तिने जास्त वेळ ठेवून पाहिलं. एका दुपारी मला यंत्रापाशी बोलावलं. आकडा चढत होता, ब्रॅकेट हलत नव्हता.

"सर, कचरा बघा," ती म्हणाली.

चौमूं गावाकडच्या, अशाच डागाळ दातांच्या एका मुलीचे ब्रॅकेट सारखे निघायचे. चणे चावतेस, म्हणून मी तिला दर वेळी झापायचो. या पद्धतीने लावले ते उपचार संपेपर्यंत टिकले. शेवटच्या दिवशी तिची आई शांतपणे म्हणाली, "डॉक्टरसाब, चने तो ये पहले भी नहीं खाती थी."

पद्धत विभागात रुजली, लोक माझं नाव घेऊ लागले, मी कुणाला अडवलं नाही. माझ्या हाताखाली पुष्कळ जण घडले. पण माझं ऐकलं नाही म्हणून जिचा अभिमान वाटतो, अशी ही एकटीच.

काल आयोजकांना खरं काय ते कळवलं. मग तिला फोन केला.

"मतलब सर, समारंभात मी मागच्या रांगेतच होते," ती हसली. "टाळ्या मी पण वाजवल्या."