आबांचा सहावा भाग

राक्षसांविषयी अधिकारवाणीने बोलू शकेल असा सबंध खानदेशात एकच माणूस आहे आणि माझं नशीब असं, की तो जळगावच्या मेहरूणमध्ये आमच्या समोरच राहतो. गल्ली त्यांना आबा म्हणते. भुसावळला रेल्वेच्या कचेरीत त्यांनी जन्मभर नोकरी केली, पण तिथे नेमकं काय केलं हे विचारलं तर त्यांना आठवावं लागतं. लहानपणी रेल्वे कॉलनीत वाचलेली सात भागांची जादूची कादंबरी मात्र तोंडपाठ. दर उन्हाळ्यात ते ती पहिल्यापासून वाचायला घेतात आणि दुपारी गल्लीतल्या पोरांना कूलरसमोर बसवून मोठ्याने ऐकवतात. हात धुतल्याशिवाय पुस्तकाजवळ यायचं नाही, प्रकरण संपेपर्यंत उठायचं नाही आणि राक्षस आला की घाबरायचंच, असे नियम आहेत. "पोरं गोष्टीसाठी येतात की कूलरसाठी?" असं मी एकदा सहज विचारलं, तर आठवडाभर आमचं बोलणं बंद होतं.

धरणगावच्या एका लग्नात कानपिळीची वेळ झाली आणि नवरीचा धाकटा भाऊ सापडेना. नवरदेव कान पुढे करून ताटकळलेला. शेवटी तो पोरगा मंडपामागे आबांसमोर मांडी घालून बसलेला मिळाला. "राजपुत्र विहिरीत पडू द्या, मग खुशाल घेऊन जा," असं आबांनी प्रत्यक्ष वरबापाला सांगितलं. वरबाप मुकाट्याने उभे राहिले, आणि राजपुत्र पडल्यावर "पुढे?" असं त्यांनीच विचारलं.

आता पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण सातही भाग तोंडपाठ म्हटले तरी त्यातला सहावा आबांनी कधी पाहिलाच नव्हता. पाचव्याच्या शेवटी राजपुत्र राक्षसाच्या विहिरीत पडतो आणि सातव्याच्या सुरुवातीला त्याच राक्षसाच्या खांद्यावर बसून हिंडतो. मधली मैत्री आबांनी स्वतःच जुळवली होती. राजपुत्राच्या शिदोरीत वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी असते, हिरव्या मिरचीने राक्षसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं, वैर वाहून जातं आणि तो म्हणतो, "भो, आखो भरीत शे का?" बाकी सगळी पुस्तकी भाषा बोलणारा राक्षस अजून भरीत मागणारं एवढं एकच वाक्य अहिराणीत बोलतो, हे पोरांना मुळीच खटकत नसे. उलट त्या वाक्याला सगळी एका सुरात ओरडत, आणि आबांची पुण्याची नात सर्वांत मोठ्याने.

तरीही आबांचा शोध चालूच होता. धुळ्याला कुणाच्या दहाव्याला गेले तरी येताना रद्दीची दुकानं पालथी घालून येत. "लोक देवाला नवस बोलतात, आमचे हे रद्दीवाल्याला," असं अक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणायच्या.

गेल्या मे महिन्यात धुळ्याच्या रद्दीत तो भाग सापडला. मला वाटलं, आबा पेढे वाटतील. ते पुस्तक छातीशी धरून माझ्याकडे आले ते सुतकी चेहऱ्याने.

"मिळाला," म्हणाले.

"मग वाचा की!"

"नात येतेय उद्या. इतकी वर्षं तिला सांगितलं ते यात नसलं तर? आधीच ती मोबाईलमधून डोकं काढत नाही. आजोबा थापा मारतो म्हटल्यावर कशाला बसेल जवळ?"

मी हसणार होतो, पण त्यांनी पुस्तक अजून उघडूनही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी वाचताना शब्द नीट ऐकू यावेत म्हणून कूलर बंद केला. जळगावात, भर मे महिन्यात! पुस्तकातला राजपुत्र विहिरीत पडला, त्याने राक्षसाच्या बोटात जादूची अंगठी घातली आणि राक्षस त्याचा गुलाम झाला. भरीत नाही, भाकरी नाही. आबांचा आवाज खाली खाली जात राहिला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. नातीने पुस्तक हातात घेतलं, तेही हात न धुता, आणि पान उलटसुलट करून पाहिलं.

"आबा, हे चुकीचं छापलंय," ती म्हणाली. "अंगठी घातली म्हणून कुणी दोस्त होतं का? हा खरा सहावा भाग नाहीच. आपण खरा शोधू."

आबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग कूलर लावला.

त्यानंतर सुट्टीभर दोघं डोक्याला रुमाल बांधून स्कूटरवरून रद्दीची दुकानं धुंडाळत होते. धुळ्याचं ते पुस्तक आता अक्कांनी कूलरच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलंय. नात आता मोठी झालीय. तिचे क्लास सुरू झालेत, या मे महिन्यात चारच दिवस येणार म्हणे. "भाग मिळेपर्यंत तिला यावंच लागेल," असं आबा मला रोज सांगतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी मान हलवतो. आबांची इतकी थट्टा केली, पण तो भाग कुठल्याही दुकानात कधी मिळू नये, असं मला आता मनापासून वाटतं.