कुत्र्यांचे रेनकोट आणि आत्याचा कर

आमची आत्या छत्र्या दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला आहे. काड्या बदलायच्या, दांडा बसवायचा, फाटकं कापड उतरवायचं. ते कापड मालक फेकून द्यायचा तेव्हा आत्याचा जीव तुटायचा. एकदा शेजारणीचं कुत्रं भिजून कुडकुडताना दिसलं, आणि आत्यानं त्या कापडाचा त्याला रेनकोट शिवला. शेजारणीनं फोटो काढून मोबाइलवरच्या खरेदी-विक्रीच्या अ‍ॅपवर टाकला. तेव्हापासून आत्याच्या शिलाई मशीनला उसंत नाही.

आतोबांना, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला, हा उद्योग पसंत नव्हता. "कुत्र्यांचे कसले लाड!" असं म्हणायचे, पण पार्सलं घेऊन पोस्टात तेच जायचे.

एक दिवस अ‍ॅपवर संदेश आला: विक्रेत्यांच्या कमाईची माहिती कर कार्यालयाला कळवली जाईल. आत्यानं तो आतोबांना वाचून दाखवला.

"झालं!" आतोबा म्हणाले. "पगार सोडून वरकमाई केलीस. आता घरावर धाड."

"वरकमाई काय म्हणता? लाच खाल्ली का मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस. घरात खुर्चीवर, टेबलावर, दोरीवर, जिकडेतिकडे रेनकोट. त्यानं तोंड उघडायच्या आत आत्या बोलून गेली, "हे सगळे घरच्याच कुत्र्याचे आहेत!"

त्यानं दोरीकडे पाहिलं. "एवढे?"

"हौशी आहे तो."

"चावत नाही ना?"

घरात कुत्रं नव्हतंच. तेवढ्यात आतल्या खोलीतून आतोबा भुंकले. आवाज असा घोगरा आणि दांडगा, की तो माणूस दोन पावलं मागे सरला.

"बांधून ठेवा हो बाई. मी विजेचं मीटर बघायला आलोय."

तो गेल्यावर आत्यानं दार लावून घेतलं. "मी खोटं बोलतेय, तुम्ही भुंकताय. हे काय जगणं झालं? मी उद्या स्वतःच जाऊन सांगते."

आणि खरंच गेली. आतोबाही मागोमाग गेले. कर कार्यालयातल्या अधिकारी बाईंपुढे आत्यानं पिशवीभर पावत्या ओतल्या आणि जुनं कपाट विकल्याचंही कबूल केलं.

"घरातली वापरलेली वस्तू घेतल्यापेक्षा कमी किमतीत विकली, तर ती कमाई नाही," बाई म्हणाल्या. "रेनकोट मात्र विकण्यासाठीच शिवता, तो धंदा. पण कर नफ्यावर असतो. दोरा, चेन, पोस्टाचा खर्च वजा करायचा. या पावतीतलं पार्सल परत का आलं होतं?"

"त्या कुत्र्याचं पोट सुटलं होतं. सैल करून दिला."

"फुकट? आणि पोस्टाचे पैसे?"

"मीच भरले. मुक्या जनावराकडून काय घ्यायचं?"

अशी मुकी जनावरं बरीच निघाली. बाईंनी हसू दाबलं. "तुम्हाला कर नाही लागत. तुम्ही तोट्यात आहात."

आतोबांचा चेहरा उजळला. आत्याचा मात्र असा पडला, की जणू भर बाजारात कुणी अपमान केला. "मान मोडून शिवलं ते तोट्यासाठी?" एवढं म्हणाली, आणि पावत्या पिशवीत कोंबून चालू लागली.

त्यानंतर आत्या बदलली. किमती वाढवल्या. सैल करण्याचे पैसे वेगळे, पोस्टाचे वेगळे. एका बाईंनी फोनवरून भांडण काढलं, "माझ्या कुत्र्याला जाड म्हणता?"

"मी कशाला म्हणू? टेप म्हणतेय."

पुढच्या वर्षी हिशेब झाला आणि आत्याला कर लागला. मोठ्या कुत्र्याच्या एका रेनकोटाच्या किमतीएवढाच, पण लागला! ठेवणीतले कपडे घालून ती भरायला गेली. पावती दुकानात मालकाला दाखवली, गिऱ्हाइकांना दाखवली, मीटरवाल्यालाही दाखवली. आतोबा सुस्कारे टाकत होते, तर म्हणाली, "उगी राहा. पुढच्या वर्षी दुप्पट भरणार आहे. आता मांजरांचेही शिवते."

मांजरांनी मात्र दाद दिली नाही. एकीनंही रेनकोट अंगावर टिकू दिला नाही. त्यात गेलेले पैसे आत्यानं न विसरता खर्चात दाखवले.