गच्चीवरून दिसलेला कळस

चित्रकलेची शिक्षिका म्हणून मी निवृत्त झाले, तेव्हा घरच्यांना वाटलं की आता ही कुंड्यांना पाणी घालत बसेल. मी गंगापूर रोडवरच्या एका ॲनिमेशनच्या क्लासात नाव घातलं. तिथे मॅट पेंटिंग शिकवतात. म्हणजे सिनेमात माणसं खरी आणि त्यांच्या मागचं गाव, डोंगर, आभाळ संगणकावर रंगवलेलं. बाकीची पोरं विशीतली, मला काकू म्हणणारी. शिकवणारे सर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. ते मॅडम म्हणायचे आणि अवघड काम देताना जरा चाचरायचे. त्या चाचरण्याचा मला भारी राग यायचा.

क्लासातली मुलं एक लघुपट करत होती. जुन्या काळातलं नाशिक, आणि गोदाघाटावरून धावत जाणारी एक मुलगी. तिच्या मागच्या तारा, होर्डिंग, प्लास्टिकच्या टाक्या झाकून तिथे जुनं गाव रंगवायचं होतं. ज्याचं चित्र शॉटमध्ये बसेल ते लघुपटात जाणार, असं सरांनी जाहीर केलं. मला ते माझंच जायला हवं होतं. या वयात शिकताय म्हणून होणारं कौतुक नको होतं, शॉट हवा होता.

मी झपाटल्यासारखी कामाला लागले. मधोमध काळ्या दगडाचं देऊळ उभं केलं. "काकू, एक नंबर!" पोरं म्हणाली. सरांनी चित्र शॉटवर ठेवलं आणि माझं देऊळ एकदम उपरं दिसायला लागलं, आरामखुर्चीत रेलून बसल्यासारखं.

"मॅडम, देऊळ सुंदर आहे," सर म्हणाले, "पण ते बघणारा माणूस घाटावर उभा आहे. शूटिंगच्या वेळी आपला कॅमेरा घाटाजवळच्या लॉजच्या गच्चीवर होता."

माझे कान तापले. क्षितिजरेषा डोळ्यांच्या उंचीवर असते, तिच्या वरच्या रेषा लांब जाताना खाली उतरतात आणि खालच्या वर चढतात, हे मी जन्मभर फळ्यावर काढून दाखवलं होतं! "दुरुस्त करते," एवढंच म्हणाले आणि घरी येऊन भांडी आपटली.

शूटिंग सकाळच्या उन्हात झालं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच नवऱ्याला स्कूटर काढायला लावली आणि पंचवटीतला तो लॉज गाठला. लॉजचा मॅनेजर म्हणाला, "मावशी, दर्शन खाली हे. वर नुसत्या टाक्या हेत."

"मला टाक्यांच्याच उंचीवर जायचंय," मी म्हटलं.

गच्चीच्या कठड्याशी उभी राहून फूटपट्टी डोळ्यांसमोर आडवी धरली, तीच माझी क्षितिजरेषा. ज्या कळसाकडे लहानपणापासून मान वर करून बघत आले, तो पट्टीच्या खाली होता. शिखराच्या थराथरावर साचलेली धूळ दिसत होती, कबुतरं दिसत होती. सवयीने माझे हात जोडले गेले आणि मान वर गेली. वर नुसतं आभाळ! मला हसूच फुटलं. घरं, भिंती, पायऱ्या मी नियमाने काढल्या होत्या, पण देऊळ काढायला घेतलं की मनाने घाटावर उतरत होते, चपला काढून उभी राहत होते. आम्हा नाशिककरांना देवाचं घर वरून बघायची सवयच नाही.

उजेडही तिथेच उमगला. शाळेत सावली म्हणजे पेन्सिल जोरात घासायची. इथे देवळाची सावलीतली बाजू काळी नव्हतीच. तिच्यावर आभाळाची निळसर झाक होती, आणि नुकत्याच धुतलेल्या फरशीवरचं ऊन उसळून कोनाड्यांना आतून पिवळं करत होतं.

"अहो, ऊन कसं कुठून कुठून येतंय बघा!"

"डोळ्यांत येतंय," नवरा म्हणाला. "चहा घ्यायचा का?"

देऊळ पुसून मी पहिल्यापासून काढलं. या वेळी सरांनी ते शॉटवर ठेवलं, मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं. मग म्हणाले, "हे जातंय. आता याला हात लावू नका." ना चाचरणं, ना मॅडम. मला फार बरं वाटलं.

लघुपट दाखवला त्या दिवशी नवरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसला होता. टाळ्या वाजवायला हात मांडीवर तयार ठेवले होते. मुलगी घाटावरून धावत गेली, पुढचे प्रसंग सुरू झाले. जरा वेळाने ते माझ्याकडे झुकून कुजबुजले, "तुझं चित्र कधी येतंय गं?"

"येऊन गेलं."

"कधी? मी तर डोळे लावून बसलोय."

"ती मुलगी धावली ना, तिच्या मागे होतं ते."

"काहीतरीच काय? ती तर आपली पंचवटी होती."

टाळ्या वाजवायच्या राहून गेल्या म्हणून ते घरी पोचेपर्यंत हळहळत होते. मी स्कूटरच्या मागच्या सीटवर ताठ बसले होते. एवढं मोठं कौतुक माझं कुणी कधी केलं नव्हतं, आणि आपण ते केलंय हे त्यांना अजून कळलेलं नाही.