टॉवेलाखालचा सौदा

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कुजबुजत बोलणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. उचगावात घरामागच्या छपरीत तो लाव्ह्या पाळतो. माद्या अंड्यांसाठी, नर रश्श्यासाठी. मुठीएवढा हा पक्षी दचकला की सरळ वर उसळतो आणि पिंजऱ्याच्या छतावर टाळकं आपटून मरतो. म्हणून साडूनं छताला आतून पोती शिवली, फाटकाला तेल पाजलं, मोटारसायकलीचा हॉर्न काढला आणि मेहुणीचा कुकर माळ्यावर टाकून तिला पातेल्यावर आणलं. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असला तरी हा कानाशी येऊन कुजबुजणार.

आता माझं बघा. पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली करून मी वर आलो. तिथं दर टॉवेलाखाली बोटं दाबून ठरतो हे खरं, पण त्याआधी आरडाओरडा करून समोरच्याला घाईला आणावं लागतं, आणि त्यात माझा हात कुणी धरला नाही. साडूच्या छपरीत मात्र मी कायम हरलो. राग कुजबुजत काढता येत नाही.

माझ्या थोरल्या लेकीला बघून गेलेली आजऱ्याची मंडळी बोलणी पक्की करायला दुसऱ्या दिवशी जेवायला यायची होती. होणाऱ्या व्याह्यांना मी लाव्ह्यांचा रस्सा कबूल करून बसलो होतो, साडूला न विचारता. आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे गेलो तर तो नाहीच म्हणाला. नव्या माद्या नुकत्या अंड्यावर आल्या होत्या. नर धरायला हात घातला की त्या बिथरणार आणि अंडी बंद. घरच्या माणसाची लाज काढतोस का, इथून मी सुरू केलं आणि सोयरीक मोडली तर तोंड दाखवू नकोस, इथवर येईतो आवाज चढला होता. पिंजऱ्यात सळसळ झाली. एक मादी उसळली आणि पोत्यावर आपटून खाली आली. साडूचा चेहरा पांढरा पडला.

"पावणं, गप बसा की," तो म्हणाला. "एकीनं उडी घेतली की समद्या घेत्यात."

आम्ही श्वास धरून उभे. मादी हलली, पंख झटकून दाण्याकडे गेली. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला आणि खालून हात धरला. ही विद्या त्याला मीच शिकवलेली. त्यानं पाच बोटं दाबली, परत पाच. दहा नर. आता दर. मी मुद्दाम खालून सुरुवात केली. त्याचा हात हलेना. मी वाढवत गेलो. हात तसाच, कोमट, सैल. चिडून बघितलं तर तो पिंजऱ्याकडे बघत होता.

"पोरगी माझीबी हाय की," एवढंच म्हणाला.

व्याही बोटं चाटत उठले. लग्न झालं. साडूची अंडी मात्र बरेच दिवस बंद राहिली, आणि त्यानं ते कधी बोलूनसुद्धा दाखवलं नाही. माझा राग त्याचाच आहे. माझ्याशी दर न ठरवता उठलेला हा एकच माणूस. बाजारात असता तर मी त्याची गचांडी धरली असती.

थोरली सासरी गेल्यापासून आमच्या घरातही फारसा आवाज नसतो. संध्याकाळी मी उचगावला जातो, फाटक न वाजवता उघडतो. लाव्ह्या दाणे टिपत असतात. साडू टॉवेल पसरतो, मी त्या दहा नरांचा दर बोटांनी सांगतो आणि तो हात तसाच ठेवतो. सौदा अजून ठरलेला नाही. हात काढून घ्यायची घाई दोघांनाही नसते.