मुकादमाबरोबर पुसलेली माणसं

नव्वदच्या दशकात पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये मी कॉम्प्युटरवर कामगारांची यादी सांभाळायचो. प्रत्येक कामगार मी त्याच्या मुकादमाच्या नावाला जोडला होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता. एक मुकादम शेठशी भांडून गेला. शेठ गुजरातीत म्हणाले, "एनुं नाम काढी नाखो." मी नाव पुसायला गेलो, तेव्हा कॉम्प्युटरने विचारलं, जोडलेल्या नोंदीही पुसू का? मी ऐटीत होकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुकादमाच्या हाताखालचे तीस जण फाटकाबाहेर उभे होते. वॉचमनच्या हातात माझी छापील यादी होती.

"लिस्टमें नाम नहीं है," तो म्हणाला.

"अरे, मी आठे उभा शे ना!" डिंडोलीचे एक खान्देशी काका ओरडले. रोज त्यांच्याकडून तंबाखू घेणारा वॉचमन पुन्हा यादीतच बघू लागला.

शेवटी मी टेबल फाटकाशी नेलं आणि एकेकाला विचारून सगळं पुन्हा लिहून घेतलं. शरमेने मान वर होत नव्हती, त्यामुळे जन्मतारखेचा पुरावा मागायची हिंमतही झाली नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे कामावर रुजू झाले आणि त्यांतले बरेच जण पाच-पाच वर्षांनी तरुण झाले.