बशी सुटण्याआधीची हाक

आईनं एकच गोष्ट विचारून परवानगी दिली. "जीव तर जात नाही ना कोणाचा?"

"डांबराची बशी असते ते, बाई," मामा म्हणाला. "बशीले कुठचा जीव?"

मामाचा चांदूर बाजारला संत्र्यांचा बगीचा होता, शेजारी ज्वारीचं शेत. बंदुकीचा परवाना त्यानं रानडुकरांसाठी काढला होता, पण रविवारी अमरावती कॅम्पाबाहेरच्या माळावर तो निव्वळ हौसेखातर उडत्या बशा फोडायला जायचा. माझी नागपूरची इंग्रजी शाळा नुकतीच संपली होती आणि मी घरी परतले होते. पहिले काही रविवार मी मागच्या खुर्चीत बसून नुसतं पाहिलं.

समोर जमिनीत एक खड्डा, त्यात स्प्रिंगचं यंत्र आणि ते चालवणारे एक म्हातारबुवा. ते यंत्राच्या हातावर काळी बशी ठेवत. नेमबाज लांब मागे उभा राहून बंदूक खांद्याला लावी, गाल दस्त्याला टेकवी आणि ओरडे, "पुल!" म्हणजे ओढ. की बशी सुटे. डावीकडे जाईल की उजवीकडे, आधी कळायचं नाही. बंदुकीतून मूठभर छर्रे उडत आणि ते लागले तर बशीच्या जागी काळा धुरळा राही.

"बशीवर नेम नाही धराचा," मामा सांगे. "ते जिथं पोचनार, तिथं धराचा."

जिथं अजून काहीच नाही तिथं मारायचं, याचं मला फार नवल वाटे. घरी मी दार लावून छत्री खांद्याला लावून पाहत असे.

शेवटी एका रविवारी मामानं मला उभं केलं. "आज हाक नाही देल्ली तर पुढं आनत नाही वं तुले. तुले आवडत नाही असंच समजतो."

मला आवडत होतं. इतकं, की सांगायची लाज वाटत होती.

मी "पुल" म्हणाले. शाळेत शिकवलं होतं तसं, ओठांचा नीट आकार करून, हळू आवाजात. काहीच झालं नाही. खड्ड्यातून पांढरं डोकं वर आलं. "बाई काई बोलल्या का?"

"बोलल्या," मागचे एक वकीलसाहेब म्हणाले, "पण ते खासगी होतं."

सगळे हसले. मी पुन्हा म्हणाले. तेवढ्यात वकीलसाहेब खोकले आणि बशी सुटली.

"अहो, मी खोकलो!"

"पन तुमचं ऐकू आलं नं!" खड्ड्यातून उत्तर आलं.

मामानं मला बाजूला घेतलं आणि स्वतः उभा राहिला. मी कान देऊन ऐकलं. मामा "पुल" म्हणतच नव्हता. तो "ओय" म्हणाला. मागून वकीलसाहेब आले, ते "आप" म्हणाले. तो शब्द नीट उच्चारणारी तिथं मी एकटीच होते. बाकीचे नुसता श्वास सोडत होते.

पुन्हा माझी पाळी आली तेव्हा मी शब्दाचा नाद सोडला. तोंडातून निघालं ते सुट्टीत मामाच्या ज्वारीवरून पाखरं उठवताना निघायचं तेच. "हाऽऽ हुर्र!"

बशी उजवीकडून निघाली. चपटी, काळी, कडेला ऊन घेऊन गरगरत गेली. नळी तिच्यामागे वळत राहिली आणि मी पाहत राहिले. दूर गवतात ती अख्खी पडली.

"अवं, मारली काहून नाही?" मामा ओरडला.

"विसरले."

"आता ऐकू आलं हो बाई!" खड्ड्यातून म्हातारबुवा म्हणाले. "पार तिवसा गावालेबी ऐकू गेलं असन!"

परतताना टांग्यात मामानं बंदूक मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाला, "हे बंदूक जड होते तुले. पुढल्या रविवारी कोनाची हलकी पाहतो."

मी मान हलवली. मग वाटलं, तो रस्त्याकडे पाहतोय, त्याला दिसलं नसेल. म्हणून "हो" म्हणाले.